गोलकीपर राहिलेल्या माणसाकडे अख्खा संघ द्यावा का?

तेरेखोलकाठ
आमच्या तालुक्यातल्या सोळा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल संघाला नवा प्रशिक्षक हवाय. गोव्यात क्लबकडून खेळलेले एक गोलकीपर गावी परतलेत आणि ते तयार आहेत. पण बैठकीत सूर लागला, "ते गोलकीपरांना शिकवतील, संघाचं त्यांना काय कळणार?" मला हे अजिबात पटत नाही. पूर्ण सामनाभर सगळं मैदान समोर ठेवून उभा असतो तो गोलकीपरच. बचावफळी कुठे फाटली, कोण मोकळा सुटला, हे त्याची हाक आल्यावर बाकीच्यांना कळतं. १९९२ पासून तर आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू (बॅकपास) गोलकीपरला हातात घेता येत नाही, म्हणजे चालही त्याच्या पायातूनच सुरू होते.

इटलीचे गोलकीपर डिनो झॉफ बघा. १९८२ चा विश्वचषक त्यांनी चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून उचलला. पुढे १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून इटलीतल्या युव्हेंटस क्लबला युएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा आणि इटालियन कप, दोन्ही जिंकून दिले. बेल्जियमचे मिशेल प्रूदोम १९९४ च्या विश्वचषकातले सर्वोत्तम गोलकीपर. २००८ मध्ये त्यांनी प्रशिक्षक म्हणून स्टँडर्ड लिएज या बेल्जियन क्लबला पंचवीस वर्षांनी लीग जिंकून दिली.

मधली_फळी
दादा, झॉफचं उरलेलं अर्धं पण सांगा. युरो २००० या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात झॉफ प्रशिक्षक असलेली इटली फ्रान्सविरुद्ध १-० ने पुढे होती. भरपाईच्या वेळेत फ्रान्सच्या विल्टोर्डने बरोबरी केली, मग ट्रेझेगेने गोल्डन गोल, म्हणजे पडताच सामना संपवणारा गोल, मारला. फ्रान्सच्या झिदानवर पाळत ठेवायला माणूस लावला नाही म्हणून इटलीतले बडे राजकारणी बर्लुस्कोनींनी जाहीर टीका केली आणि झॉफ राजीनामा देऊन बाहेर पडले.

माझा खरा मुद्दा वेगळाय. गोलकीपरचा सराव बाकीच्यांपासून बाजूला चालतो. पाठीवर माणूस चिकटलाय आणि चेंडू पायात येतोय, तेव्हा कुठल्या खांद्यावरून वळायचं, हे त्याने लांबून बघितलेलं असतं, अंगावर घेतलेलं नसतं. सोळा वर्षांच्या पोराला तेच शिकायचं असतं. आणि विश्वचषक जिंकून देणारा एक तरी गोलकीपर प्रशिक्षक दाखवा.

जांभाकातळ
आयमोरे मोरेरा, ब्राझील, १९६२. खेळाडू म्हणून गोलकीपर. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला. मोरेरांनी अमारिल्डोला उतरवलं आणि अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाला ३-१ ने हरवलं. त्यात अमारिल्डोचाही गोल होता. हाताशी उरलेल्या माणसांतून संघ उभा करणं याला प्रशिक्षकाचं काम म्हणतात.

मधली_फळी
मान्य. पण त्यानंतर साठ वर्षांत दुसरा कोणी? नाही.

शिरोड्याचो_झिल
मी मधल्या फळीवाल्याच्या बाजून. गोलकीपर पाठीमागे उभो ऱ्हवणारो. पोरांका धावूक कोण शिकयतलो? आमच्या पोरांचो दम दुसऱ्या हाफात संपता, थयच आमी सामने हरतंव. तेच्यासाठी धावलेलो माणूस होयो.

पावसाळी_मैदान
दम वाढवायला धावलेलाच माणूस लागतो असं नाही, नीट आखलेला सराव लागतो. मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नुनो एस्पिरितो सांतो २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तो या पोर्तुगीज क्लबात व्हितोर बाइया या मुख्य गोलकीपरचे राखीव होते. स्पेनचे गोलकीपर लोपेतेगीही बार्सिलोनात बराच काळ राखीवच. राखीव गोलकीपर महिनोन् महिने प्रशिक्षकाशेजारच्या बाकावर बसतो. बदली खेळाडू कधी उतरवला, हाफटाइमला कोणाला काय सांगितलं, हे सगळं त्याच्या कानावर पडत असतं. पुढे प्रशिक्षक झाल्यावर नुनोंनी २०१८ मध्ये वुल्व्ह्ज या क्लबला इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगमध्ये आणलं आणि पहिल्याच मोसमात सातव्या जागी नेलं. लोपेतेगींना २०१८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर स्पेनने प्रशिक्षकपदावरून काढलं, तरी दोन वर्षांत त्यांनी सेव्हिया या स्पॅनिश क्लबला युरोपा लीग जिंकून दिली.

जांभाकातळ
आपल्याकडचंही बोला. गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर गोलकीपर होते आणि भारताचे कर्णधारही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अकरा जणांना हाक देण्याची जबाबदारी देशाने गोलकीपरवर टाकली. मग तालुक्याला तीच भीती का वाटावी?

आणि सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) मैदानात गोलकीपर होणं म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जांभ्याच्या खड्यांवर एक डाइव्ह मारली की कोपर सोलून निघतं. म्हणून कोणी गोलात उभं राहायला तयार नसतं, शेवटी सगळ्यात लहान पोराला ढकलतात. त्या जागेवर वर्षानुवर्षं टिकलेला माणूस मुलांना भीती कशी गिळायची ते शिकवेल. ते शिकवणारा आजवर आपल्याला मिळालेला नाही.

मधली_फळी
जिद्दीबद्दल माझा वाद नाहीच. कर्णधार आणि प्रशिक्षक ही दोन वेगळी कामं आहेत, एवढंच. त्यांनी निदान एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) डी लायसन्स हा प्रशिक्षकांचा कोर्स करावा आणि पासिंगच्या सरावाला मिडफिल्डला खेळलेला सहायक घ्यावा. तेवढं झालं तर बैठकीत मी विरोध करणार नाही.

तेरेखोलकाठ
कोर्सचं मी स्वतः त्यांच्याशी बोलतो. सहायक मात्र त्यांनीच निवडायचा, समितीने नाही.

मधली_फळी
समिती पैसे देते, मग नावही समितीच सुचवणार. यावर मी मागे हटत नाही.