मदत हवी आहे: हिशोबात 0.5 मिलिअँप, मीटरवर 2 ते 4. उरलेला करंट जातो कुठे?

नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोथरूडला रूमवर राहतो. डिजिटल सर्किटमध्ये स्विचिंगला किती पॉवर जाते ते मोजून दाखवायचा प्रोजेक्ट घेतलाय आणि पहिल्याच मोजमापाला अडकलोय.

तापकीर गल्लीतून 74एचसी04 आणली, सहा इन्व्हर्टरवाली (इनपुटच्या उलट आऊटपुट देणारी गेट्स) सीमॉस आयसी. पाय 1 ला फंक्शन जनरेटरमधून 1 मेगाहर्ट्झची चौकोनी लहर, पाय 2 ला 100 पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, सप्लाय 5 व्होल्ट. कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज गुणिले फ्रिक्वेन्सी, म्हणजे 0.5 मिलिअँप यायला हवा. मीटर 2 ते 4 च्या मधे हलत राहतो. आणि बोर्डाला न शिवता आयसीजवळ नुसता हात नेला तरी आकडा बदलतो! जनरेटर काढून पाय 1 ग्राउंड केला तरी शून्यावर येत नाही. आयसी बदलली, तेच.

दुसरी शंका. कपॅसिटर चार्ज होताना सप्लायने दिलेल्या ऊर्जेतली अर्धी पीमॉसमध्येच (गेटच्या आतला, आऊटपुट सप्लायला जोडणारा ट्रान्झिस्टर) जळते असं पुस्तकात आहे. रोध कमी असेल तर उष्णताही कमी नको का व्हायला? यावर दोन रात्री घालवल्यात.

प्रतिसाद, जुना_सोल्डर:
बाकीच्या पाच इन्व्हर्टरच्या इनपुटचं काय केलंस? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे मोकळी सोडली असणार. सीमॉसचं मोकळं इनपुट 0 वरही नसतं आणि 5 वरही नसतं, मधेच कुठेतरी तरंगतं. तिथे पीमॉस आणि एनमॉस (आऊटपुट ग्राउंडला जोडणारा ट्रान्झिस्टर) दोन्ही अर्धवट चालू राहतात आणि सप्लायमधून थेट ग्राउंडला करंट वाहतो. हात नेल्यावर आकडा हलतो तो त्यामुळेच. पाय 3, 5, 9, 11, 13 ग्राउंडला जोड. आऊटपुट चुकूनही ग्राउंड करू नकोस.

हाच शॉर्ट सर्किट करंट प्रत्येक स्विचिंगलाही क्षणभर वाहतो. लहरीची चढण जितकी संथ, तितका जास्त. जनरेटरवर त्रिकोणी लहर लावून थोडाच वेळ बघ, लगेच कळेल.

अर्ध्या ऊर्जेचं असं. सप्लाय सगळा चार्ज पूर्ण 5 व्होल्टवरून देतो, कपॅसिटरचं व्होल्टेज मात्र शून्यापासून चढत जातं. त्या फरकातली ऊर्जा वाटेतच उष्णता होते. रोध कमी केलास तर करंट वाढतो आणि वेळ घटतो, गुणाकार तोच राहतो. साठलेली अर्धी पुढे डिस्चार्ज होताना एनमॉसमध्ये जाते. म्हणून रोधाच्या मागे लागू नकोस, व्होल्टेज कमी कर. 5 वरून 3.3 केलंस तर पॉवर निम्म्याहून खाली येते, आणि 74एचसी 2 ते 6 व्होल्टवर चालते.

आणखी एक, आयसीच्या आतला कपॅसिटन्सही धर. डेटाशीटमध्ये पॉवर डिसिपेशन कपॅसिटन्स म्हणून दर गेटला साधारण 20 पिकोफॅरड दिलेला असतो. ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला असशील तर त्याचे 10-15 वेगळे.

मूळ लेखक:
दादा, खूप खूप आभार! पाचही पाय मोकळेच होते. वायरी लावल्या आणि मीटर 0.69 वर स्थिर झाला. हात नेला, जागचा हलला नाही. प्रोब काढल्यावर 0.63. पाय 1 ग्राउंड केला तर मीटरवर शून्य. 3.3 व्होल्टला 0.42 आलाय, म्हणजे 3.15 मिलिवॉटवरून 1.39 वर. त्रिकोणी लहर उद्या लॅबमध्ये बघतो आणि इथेच आकडे टाकतो.