विषय: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं होतं, शेवटी ट्रेलर घेतला एकदाचा. २६ फुटी, दोन ॲक्सलचा. आणि आता हिचपाशी, म्हणजे गाडी-ट्रेलर जोडायच्या सांध्यापाशी, येऊन अडलोय. गाडी हाफ-टन (हलक्या वर्गातली) पिकअप आहे, कंपनीनेच बसवलेला २ इंची रिसीव्हर (हिच अडकवायची चौकोनी नळी) आहे, ओढायची क्षमता ९,००० पौंडांच्या वर लिहिलीये. ट्रेलर रिकामा ५,४००, भरून जास्तीत जास्त ७,०००. विकणारा म्हणाला एवढी दणकट गाडी आहे, साधा बॉल माउंट (बॉल धरणारा दांडा) लावा नि निघा, आणि दुसरे एक ओळखीचे म्हणतात वेट डिस्ट्रिब्युशन (भार सगळ्या ॲक्सलवर वाटणारा) हिच असल्याशिवाय रस्त्यावर काढूच नका. ब्रोशरमध्ये टंग वेट (ट्रेलरचा गाडीवर टेकणारा भार) ५९० दिलंय. आम्ही चौघं, पिकअपच्या मागे जनरेटर, सायकली वगैरे. मग १,००० पौंडवाला घेऊ का १,२०० वाला? मोठा घेतलेला बरा ना, उगाच कमी पडायला नको? स्वे बार (ट्रेलरचं डोलणं रोखणारा) वेगळा लागतो का? आणि हे घरी बसवता येतं का दुकानातच न्यावं लागतं?

कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

— — —

विषय: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा?

अगं, आधी अभिनंदन! पण हिचचं जरा राहू दे, पहिल्यांदा ड्रायव्हरचं दार उघड आणि दाराच्या खांबावरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको असं त्यावर लिहिलेलं असतं, तो तुझ्या गाडीचा पेलोड, आणि सगळा हिशोब तिथून सुरू होतो. ९,००० चा आकडा त्या मॉडेलचा आहे, तो काढताना गाडीत ड्रायव्हर आणि एकच पॅसेंजर, दीडशे-दीडशे पौंडांचे, असं धरलेलं असतं. तुम्ही चौघं आणि वर जनरेटर असं कोणी धरलेलं नाही. ट्रेलरची मान गाडीवर जेवढी टेकते ते टंग वेट, आणि ते या पेलोडमधूनच जातं. हाफ-टन गाड्या ओढायला सहसा कमी पडत नाहीत, पाठीवर घ्यायला कमी पडतात.

आता ते ५९०. तो आकडा विसर. तो रिकाम्या ट्रेलरचा, बऱ्याचदा बॅटरी आणि गॅससुद्धा न धरता. आणि या दोन्ही गोष्टी बसतात कुठे, तर अगदी पुढे, मानेवर. ३० पौंडी सिलिंडर भरला की टाकीसकट साधारण ५५ पौंड, असे दोन, वर बॅटरी ५० च्या आसपास, म्हणजे सामानाची एक पिशवीही न ठेवता १६० पौंड वाढले. पाणी गॅलनला ८.३ पौंड, त्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे का मागे ते बघ, कारण पुढे असली तर टंग वेट वाढतं, मागे असली तर कमी होतं. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के टंग वेट असायला हवं, मी १३ च्या आसपास धरतो. ६,५०० भरला तर ८४५ होतात. १० च्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि तिथे कुठलाही महागडा हिच मदतीला येत नाही, म्हणून टंग वेट कमी करायला सामान मागे ढकलायचं असलं काही कृपा करून करू नकोस.

मग रिसीव्हरखाली वाकून त्याचा स्टिकर बघ. त्यावर दोन ओळी असतात, एक नुसतं वजन पेलायची, दुसरी वेट डिस्ट्रिब्युशन लावल्यावरची. बऱ्याच हाफ-टन गाड्यांना पहिल्या ओळीत टंग वेट ५०० असतं आणि दुसऱ्या ओळीत १,००० किंवा जास्त. तुझी पहिली ओळ ५०० ची निघाली तर साधा बॉल माउंट हा विषयच संपला, विकणारा काहीही म्हणो.

आणि मोठा घेतलेला बरा हे इथे लागू नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे भार पुढे सरकवणारे लवचिक दांडे, टंग वेटच्या मापाचे लागतात. कमी क्षमतेचे घेतले तर वजन पुढे सरकत नाही, फार कडक घेतले तर ते वाकतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका ट्रेलरच्या फ्रेमला आणि रिसीव्हरला बसतो. म्हणून आधी खरं वजन, मग हिच. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा काटा) असतं, तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल असे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. तोवर रिसीव्हरच्या स्टिकरवर काय आहे ते कळव.

— — —

विषय: रि: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा?

काका, सगळं पटलं, फक्त एक विचारतो. मी मागच्या स्प्रिंगला एअर बॅग (हवा भरायचे फुगे) टाकल्यात, ट्रेलर जोडला की हवा भरतो, गाडी एकदम लेव्हल. मग वेट डिस्ट्रिब्युशनची कटकट कशाला? आणि ताई, स्वे साठी साधा फ्रिक्शन बार स्वस्तात मिळतो, बाजूला एक छोटा बॉल लावायचा की झालं.

— — —

विषय: रि: रि: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा?

अरे, लेव्हल दिसणं आणि वजन जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉल मागच्या ॲक्सलच्या चार-साडेचार फूट मागे असतो, त्यावर वजन आलं की मागचा ॲक्सल टेकू होतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग पुढे, ब्रेकचं जास्त काम पुढे, आणि नेमकं तिथूनच वजन गेलेलं. एअर बॅगने मागची बाजू वर येते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन काही परत येत नाही. स्प्रिंग बार ते परत आणतात. एकचाकी ढकलगाडीचे दांडे वर उचलले की भार चाकाकडे सरकतो, तसे हे बार ट्रेलर आणि गाडीच्या मधल्या सांध्याला वर उचलून धरतात, मागच्या ॲक्सलवरचा भार थोडा गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. बॅगा ठेव हवं तर, पण मॅन्युअल आधी बघ आणि बार ॲडजस्ट करताना हवा किती होती ते लिहून ठेव, दर वेळी तेवढीच भर, नाहीतर सगळं सेटिंग हलतं.

फ्रिक्शन बार छोट्या ट्रेलरला ठीक आहे. पण रिव्हर्स घेताना काढावा लागतो, ओल्या आणि बर्फाळ रस्त्यावर सैल करावा लागतो, आणि नेमका तेव्हाच माणूस विसरतो. २६ फुटाला मी बारमध्येच स्वे कंट्रोल असलेला घेईन. इक्वलायझरचा चार-पॉइंटवाला, ब्लू ऑक्सचा स्वेप्रो, रीसचा ड्युअल कॅम, सगळे त्याच कामाचे. हेन्सली आणि प्रोप्राइड जातीचे हिच वेगळ्याच भूमितीवर चालतात, उत्तम आहेत, पण जड आणि महाग, आणि हिचचं वजनसुद्धा पेलोडमधूनच जातं हे विसरायचं नाही.

— — —

विषय: रि: रि: रि: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा?

नमस्कार, मध्येच विचारते म्हणून सॉरी. आमच्या एसयूव्हीला रिसीव्हरच नाहीये, बोल्ट-ऑन मागवून यांना घरी बसवायचाय. ट्रेलर छोटा, भरून ३,००० पौंड. क्लास थ्री घेतला की चालेल ना, तो ८,००० पर्यंत सांगतात?

— — —

विषय: रि: बोल्ट-ऑन रिसीव्हर

सॉरी कशाला. हिचचा क्लास म्हणजे त्या लोखंडाची मर्यादा, गाडीची नाही. क्लास थ्री लावला म्हणून ३,५०० ओढणारी गाडी ८,००० ओढत नाही. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड), यात सगळ्यात लहान आकडा जो असेल तो तुमचा. पण तरी २ इंची घ्या, सव्वा इंचीला पुढे सामान मिळायला अडचण येते. आणि मॅन्युअलमधलं टोइंगचं पान आधी वाचा, फ्रेम नसलेल्या, एकसंध बॉडीच्या काही गाड्यांना वेट डिस्ट्रिब्युशन लावूच नका असं कंपनी स्पष्ट लिहिते.

बसवणं घरी होतं, दोन माणसं लागतात कारण तो तुकडा जड असतो आणि झोपून वर धरायचा असतो, गाडी व्यवस्थित स्टँडवर. बऱ्याच गाड्यांना एक्झॉस्टचे रबर काढून पाइप खाली घ्यावा लागतो. बंद फ्रेममध्ये बोल्ट घालायला किटमध्ये स्प्रिंगसारखी वळलेली तार येते, ती भोकातून आत सरकवून मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिच्या टोकाला आधी पट्टी मग बोल्ट अडकवून हळूच ओढून घ्यायचा. ओढताना बोल्ट आत पडला तर अर्धा तास गेला समजा. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग टॉर्क रेंचने सूचनेतल्या आकड्याला, अंदाजाने नाही. वेल्डिंग कुठेही नको. वायरिंग मात्र सात पिनांचं करून घ्या, ३,००० च्या ट्रेलरला बहुतेक इलेक्ट्रिक ब्रेक असणार, त्यासाठी ब्रेक कंट्रोलर लागतो, आणि तो प्रपोर्शनल घ्या, म्हणजे गाडी जितकी जोरात थांबते तितकेच ट्रेलरचे ब्रेक लागतात.

— — —

विषय: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा? (वजन करून आलो)

काका, रिसीव्हरच्या स्टिकरवर खरंच ५०० आणि १,००० निघाले. दारावरचा पेलोड १,६२०. सामान भरून घराच्या तराजूवर टंग वेट काढलं, मानेखाली फळी, एका टोकाला पाइप, दुसऱ्याला तराजू, पाइपपासून एक फुटावर जॅक आणि तराजूपासून दोन फुटांवर, मग आकडा गुणिले तीन. साडेआठशेच्या आसपास आलं, म्हणून १,००० पौंडवाला चार-पॉइंट हिच घेतला. बसवला आणि कॅट स्केलवर गेलो.

बार लावून: पुढे ३,१६०, मागे ३,७२०, ट्रेलर ५,७८०.
बार काढून: पुढे २,९००, मागे ४,०८०, ट्रेलर ५,६८०.
ट्रेलर सोडून नुसती गाडी, चौघं आणि सामान धरून: पुढे ३,२४०, मागे २,८८०.

गाडीचा जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या गाडीची वजनमर्यादा) ६,९०० आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८००. मॅन्युअल म्हणतं पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन निम्मं परत आणा. आता हे बरोबर आहे का?

— — —

विषय: रि: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा? (वजन करून आलो)

वा, असं वजन करून येणारे फार थोडे. बघ आता. जोडलेली गाडी बार काढून ६,९८०, नुसती ६,१२०, म्हणजे टंग वेट ८६०. ट्रेलर एकूण ६,५४०, त्याच्या १३ टक्के. छान आहे, याला हात लावू नकोस. ब्रोशरच्या ५९० वर विसंबून राहिली असतीस तर २७० पौंड हिशोबातच आले नसते.

बार नसताना पुढून ३४० पौंड गेले आणि मागचा ॲक्सल मर्यादेच्या २८० वर. बार लावल्यावर ३४० पैकी २६० परत आले, म्हणजे तीन चतुर्थांशाच्या किंचित वर. मॅन्युअल निम्मं म्हणतंय तर तेच पाळायचं, पुढे जास्त भार टाकला तर मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी मागून सुटायला बघते. पण गोम अशी आहे की बार सैल करून निम्म्यावर आणलंस की मागचा ॲक्सल साधारण ३,८४५ होईल आणि गाडी ६,९१५, दोन्ही मर्यादेच्या बाहेर. आत्ताही तू ६,८८० वर आहेस, फक्त २० पौंड शिल्लक. तेव्हा बार ताणून हे सुटायचं नाही, हिच पेलोड वाढवत नाही. पिकअपच्या मागचं दीडशे पौंड सामान ट्रेलरमध्ये हलव, पण बरोबर ॲक्सलच्या वर, पुढेही नाही आणि मागेही नाही, म्हणजे टंग वेट तेवढंच राहील. ट्रेलरला ७,००० पर्यंत जागा आहे.

मग ॲडजस्ट कर. सपाट जागी, सगळं भरलेलं असताना. पुढच्या चाकाच्या मधोमध टेप धरून जमिनीपासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घे, आधी ट्रेलरशिवाय, मग ट्रेलर टेकवून पण बार न लावता, मग बार लावून. समज आधी ३७ इंच, टेकवल्यावर ३८, तर बार लावल्यावर साडेसदतीस यायला हवं. जास्त खाली गेलं तर हेडच्या (हिचचा बॉल आणि बार धरणारा भाग) मागचा एक वॉशर काढ, कोन कमी होतो. ट्रेलर लेव्हल किंवा नाक जरासं खाली, नाक वर कधीच नाही. बार लावताना हाताने रेटायचे नाहीत, कपलर बंद करून मानेच्या जॅकने ट्रेलर आणि गाडीची मागची बाजू दोन्ही एकत्र वर उचलायची, बार आपोआप सैल होतात आणि ब्रॅकेटवर अलगद बसतात. काढतानाही तसंच, ताणलेल्या बारच्या रेषेत तोंड किंवा गुडघा नको, सुटला तर हाड मोडतो.

बॉल २ ५/१६ इंची आहे ना, कपलरवर कोरलेलं असतं ते जुळवून बघ. बॉलच्या सव्वा इंची शँकच्या (खालच्या दांड्याच्या) नटला बहुतेक कंपन्या ४५० फूट-पौंडांच्या आसपास टॉर्क सांगतात, घरातल्या रेंचने ते होत नाही, तेवढं दुकानात करून घे. सेफ्टी चेन मानेखाली एकमेकींवरून फुली करून, आणि ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) केबल चेनला अडकवू नकोस, थेट गाडीला वेगळी. ट्रेलर हललाच कधी तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरच्या हाताच्या लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. लिव्हर कुठे आहे ते तुझ्या ह्यांनाही दाखवून ठेव.

— — —

विषय: रि: रि: रि: ट्रॅव्हल ट्रेलरला हिच कुठला लावायचा? (वजन करून आलो)

काका, जनरेटर आणि टूलबॉक्स ट्रेलरमध्ये ॲक्सलवरच्या कपाटाखाली पट्ट्याने बांधले, एक वॉशर काढला, बॉलचा नट दुकानात आवळून घेतला. आजचं वजन: पुढे ३,०८०, मागे ३,६८०, ट्रेलर ५,९००. गाडी ६,७६०. लिव्हर दोघांनीही रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवत दाबून बघितली, ट्रेलर मागून लगेच धरतो. थोडं अंतर चालवून हेडचे बोल्ट परत टॉर्कने तपासणार आहोत, एखादा हलला असेल तर इथे लिहिते.