पांडुरंग सांगवीकर हरला, हे मला अजिबात मान्य नाही

तापीकाठ:
काल निळीशाई यांनी लिहिलं की भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीचा शेवट म्हणजे सपशेल शरणागती. पुण्यात शिकायला गेलेला पांडुरंग डिग्रीविना गावी परततो, बापाच्या घरात मुकाट बसतो, म्हणजे समाजाने त्याला गिळलं. वाचून रात्रभर डोक्यात तेच. पुस्तक 1963 सालचं, आणि अजून हाच निकाल? घर सोडलं तरच माणूस स्वतःचा राहतो, हे ठरवलं कोणी? पांडुरंग प्रत्येक मोठ्या शब्दाला 'उदाहरणार्थ', 'वगैरे' लावून त्याची हवा काढतो. बापाचं घर त्याने पत्करलं, बापाची भाषा नाही.

मीही पुण्याहून असाच परतलो. पहिल्या रात्री वडील एक शब्द बोलले नाहीत, मोटरच्या खोलीची किल्ली उशाशी ठेवून गेले. लाईट रात्री दीडला यायची. केळीला पाणी लावून बांधावर बसायचो आणि बॅटरीच्या उजेडात वही लिहायचो. मी हरलो होतो?

निळीशाई:
तुम्ही हरलात असं मी म्हटलेलं नाही. पण तुम्ही काम करत होतात! पांडुरंग पुण्यात बापाच्या पैशावर राहिला आणि परत बापाच्याच छपराखाली आला. बापाशी भांडण उभ्या पुस्तकभर, आणि खर्च बापाचा. याला वेगळेपण म्हणायचं?

रानजाई:
तुम्हा दोघांनाही एक दिसत नाही. त्याला परतायला घर होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला. बाई त्याच्यामागे गेल्या नाहीत. नातलगांचं ऐकायचं की नवऱ्याचं, यात कितीतरी दिवस पिळून निघाल्या. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतः विचार करून पटलं. बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना ती पाच वर्षं अंगावर येतात. व्यक्तित्व म्हणतात ते हे.

जुनावाडा:
पण शेवटी नवऱ्याचाच धर्म घेतला ना? आणि माहेरची मनकर्णिका गोखले सासरी लक्ष्मी टिळक झाली, ते कुठे अडलं?

रानजाई:
नाव बदलणं म्हणजे काय ते तुम्हाला कोणी केलंय का? माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने नवं नाव लिहिलं. मला ते ताटात वाचून कळलं. सगळे टाळ्या वाजवत होते, मी 'छान आहे' म्हटलं. नंतर ते तांदूळ डब्यात गेले. आठ दिवस सासूबाई हाक मारायच्या आणि मी वळूनही बघत नसे. मग सगळे म्हणाले, ऐकू कमी येतं हिला.

जुनावाडा:
प्रत्येक धाग्यावर हेच. चर्चा कादंबरीची चाललीय. आमच्या हिने नाव आनंदाने बदललं, तीस वर्षं झाली, कधी तक्रार नाही.

रानजाई:
विचारलंत कधी?

जुनावाडा:
माझ्या घरात शिरू नका.

तापीकाठ:
जुनावाडा, आवाज खाली ठेवा. रानजाई, माझ्या बहिणीचंही नाव बदललं आणि मी त्या ताटाभोवती टाळ्या वाजवत होतो. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. तरी सांगवीकराबद्दल माझं मत तेच आहे.

निळीशाई:
भाषेचा मुद्दा घ्या, दिला. पुस्तक परत काढून बसलो, त्या 'वगैरे'मध्ये खरंच नकार आहे. पण 'शरणागती' मी मागे घेत नाही. वहीत नकार आणि पंगतीत होकार, एवढ्याने माझं समाधान होत नाही.

जुनावाडा:
रात्री हिला विचारलं. आधी म्हणाली, आता कशाला. मग म्हणाली, आई होती तोवर पत्राखाली जुनंच नाव लिहायचे. ती पत्रं पेटीत टाकायला मीच नेत होतो. बंद पाकीट, त्यामुळे दिसलं नाही. रानजाई, तुमचं तेवढं बरोबर होतं.