'टीका', 'परीक्षण', 'समीक्षा' : सिनेमाबद्दल लिहिताना नेमका कुठला शब्द?

ओसरी

माझी भाची मास मीडियाला आहे. तिला असाइनमेंट मिळालीय, कुठल्याही एका मराठी चित्रपटाचं परीक्षण लिहा, तीनशे शब्द, शेवटी पाचपैकी स्टार द्या. तिने 'कोर्ट' निवडला, दोनदा बघितला आणि मला फोन केला की मावशी मला यात नावं ठेवायला काही सापडतच नाहीये, मग परीक्षण लिहू कसं? मी म्हटलं अगं नावं ठेवायलाच हवीत असं कुठे आहे, तर म्हणाली मग टीका म्हणजे काय? आणि खरं सांगते, फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही.

नंतर रात्री बसून शब्द लिहून काढले. टीका, परीक्षण, समीक्षा, रसग्रहण, आस्वाद, समालोचन, आणि आता सगळ्यांच्या तोंडी असलेला रिव्ह्यू. आपण हे एकाच अर्थाने वापरतो का? मला वाटतं नाही. आणि आपण जो शब्द उचलतो त्याप्रमाणे आपलं लिहिणंही बदलतं असं मला हल्ली फार वाटायला लागलंय, कारण पेपरात किंवा यूट्यूबवर सिनेमाबद्दल जे येतं त्यात वाक्यं ठरलेली असतात. 'भूमिकेला न्याय दिला आहे', 'दिग्दर्शकाने शिवधनुष्य पेललं आहे', 'छायाचित्रण नेत्रसुखद', 'गाणी श्रवणीय', 'एकदा बघायला हरकत नाही'. भूमिकेला न्याय दिला म्हणजे काय केलं हो? सिनेमाचं नाव झाकलं तर हा मजकूर कुठल्याही सिनेमाला चिकटवता येईल. जाणकारांनी शब्दांबद्दल सांगा, म्हणजे मुलीला नीट सांगता येईल.

पंतोजी

मी संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे, तेव्हा व्युत्पत्तीपुरतं सांगतो. समीक्षा आणि परीक्षण दोन्हींत धातू एकच, ईक्ष्, म्हणजे पाहणे. सम् लागला की नीट, समग्र पाहणे. परि लागला की चहूबाजूंनी पाहणे. आणि गंमत पाहा, प्र लागला की प्रेक्षक होतो. म्हणजे थिएटरात बसलेला प्रेक्षक आणि दुसऱ्या दिवशी लिहिणारा समीक्षक ही एकाच घरातली भावंडं. अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण ही पण त्याच घरातली. समालोचनातला लोच् धातूसुद्धा पाहण्याचाच आहे. या शब्दांच्या मुळात कुठेही दोष काढणे नाही, निकाल देणे नाही. आधी पाहणे आहे.

टीकेचं तर फार वाईट झालं. टीका म्हणजे मूळ ग्रंथ उलगडून दाखवणारं विवरण. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ओवी आहे, 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें'. माऊलींनी गीतेची निंदा केली असं कोणी म्हणेल का! कालिदासावर मल्लिनाथाने टीका लिहिली, त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम असा, 'नामूलं लिख्यते किञ्चित् नानपेक्षितमुच्यते', म्हणजे आधार नसलेलं काही लिहिणार नाही आणि गरज नसलेलं काही बोलणार नाही. तुमच्या भाचीला एवढं एक वाक्य दिलंत तरी पुष्कळ झालं.

मॅटिनी

सर, टीकेबद्दल एक जोडतो. अगदी विसाव्या शतकातसुद्धा साहित्यात टीकाकार हा मानाचा शब्द होता, श्री. के. क्षीरसागरांच्या पुस्तकाचं नावच 'टीकाविवेक' आहे. शब्द बिघडवला तो आमच्या पेपरवाल्यांनी. मी बारा वर्षं डेस्कवर होतो, अमुक नेत्याचं तमुकवर टीकास्त्र, टीकेची झोड, बोचरी टीका, अशी हेडिंगं मीच शेकड्याने दिली असतील. रोज सकाळी टीका म्हणजे भांडण असंच वाचायला मिळालं तर भाचीला दुसरं काय वाटणार.

आणि परीक्षणाचं म्हणाल तर तो शब्द आता कुठे कुठे ऐकू येतो बघा. लेखापरीक्षण, मृदापरीक्षण. म्हणजे आधी ठरलेलं एक माप असतं आणि वस्तू त्याला उतरते का ते तपासायचं. मातीचा नमुना द्यायचा, नत्र किती स्फुरद किती पालाश किती ते लिहून मिळतं. सिनेमाचं तसंच करतो आपण, कथा इतकी, अभिनय इतका, संगीत इतकं, आणि खाली बेरीज म्हणजे स्टार. स्टारांची पद्धत काही आजची नाही, न्यूयॉर्कच्या डेली न्यूजने १९२८ मध्येच ती सुरू केली होती, पण तेव्हा ते तारे लेखाच्या सोबतीला होते, आता लेख ताऱ्यांच्या सोबतीला असतो. मी लागलो तेव्हा शुक्रवारच्या सिनेमाला आठशे शब्द मिळायचे, सोडलं तेव्हा अडीचशे, त्यातले शंभर गोष्ट सांगण्यात जायचे, आणि एकदा तर मी दोन स्टार लिहून पाठवले ते छापून आले तेव्हा साडेतीन होते, शेजारच्याच पानावर त्या सिनेमाची अर्धं पान जाहिरात. लेखातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. म्हणजे वाचणाऱ्याला मजकूर एक सांगत होता आणि तारे वेगळंच. मला त्या दिवशी फार लाज वाटली, अजून वाटते.

रानजाई

मी पंचविशीतली आहे आणि मी खरंच रिव्ह्यूच बघते, वाचत नाही, तिकीट साडेतीनशेचं असतं वर पॉपकॉर्न, तर जायचं की नाही हे कोणीतरी सांगावं असं वाटणारच ना. त्यामुळे मला वाटतं रिव्ह्यू हा शब्द वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे एवढंच. तो गिऱ्हाइकासाठी आहे. मोबाईलचा रिव्ह्यू, हॉटेलचा रिव्ह्यू, तसा सिनेमाचा. पण मग त्याला समीक्षा म्हणू नका. 'समीक्षा' असं लिहिलेलं असतं आणि आत 'वन टाइम वॉच, फर्स्ट हाफ स्लो' एवढंच असतं तेव्हा फसवल्यासारखं होतं.

टक्क्यांचं पण सांगायचंय कारण ते माझ्या ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. रॉटन टोमॅटोजवर ९५ टक्के दिसले की आपल्याला वाटतं पंच्याण्णव मार्कांचा सिनेमा. तसं नाहीये. शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी एकूण अनुकूल लिहिलं एवढाच त्याचा अर्थ. दहा जणांनी लिहिलं आणि दहाही जण म्हणाले 'बरा आहे, चालेल' तर तिथे शंभर टक्के येणार. आणि ज्याच्यावरून कडाक्याची भांडणं झाली, सहा जण वेडे झाले चार जण उठून गेले, तो साठ टक्के. मला तर तो साठवालाच बघावासा वाटेल! पण आकडा बघून आम्ही सगळे शंभरवाल्याला जातो.

ओसरी

रानजाई, 'स्लो' वरून आठवलं, भाचीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पण तेच होतं, 'चित्रपट काहीसा संथ आहे'. मी विचारलं कुठे संथ वाटला? तर म्हणाली तो कोर्टरूम रिकामा होतो, सुट्टी लागते, दिवे बंद करतात आणि पडदा काळा होतो, बराच वेळ काळाच, मला वाटलं संपला. मग विचारलं, संपला वाटून पुढे चालू राहिला तेव्हा तुला काय वाटलं? ती गप्प. मग हळूहळू म्हणाली की मावशी, केस तिथे अडकूनच पडली आणि सिनेमा मात्र न्यायाधीशांबरोबर सहलीला गेला, ते बागेत बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून उठवतात, ते एका पोराला थप्पड मारतात, आणि आता खरंच संपतो. मी म्हटलं बाई गं, हेच लिही की! 'संथ' हा शब्द दार लावून घेतो, तू आत्ता जे बोललीस त्याने दार उघडलं.

मांडवीकाठ

गोव्याहून. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आमच्याकडेच आहे, मी दरवर्षी पास काढतो, आणि रांगेत एकच प्रश्न सारखा कानावर येतो, 'कसा होता?' मराठी माणूस असो की मल्याळी, प्रश्न हाच, आणि उत्तर एका शब्दात हवं असतं कारण पुढची रांग पकडायची असते. पण त्याच रांगेत एखादा भेटतो जो म्हणतो, तो दरवाजा किती वेळा आला मोजलंत का? आणि आपण बघितलेला सिनेमा डोक्यात परत सुरू होतो. माझ्या मते समीक्षक म्हणजे हा दुसरा माणूस. त्याने 'कसा होता' चं उत्तर दिलेलंच नसतं.

रसग्रहण शब्दाबद्दल मात्र मला शंका आहे. शाळेत कवितेखाली 'रसग्रहण करा' असायचं आणि आपण ठोकळेबाज लिहायचो, कवीने अतिशय समर्पक शब्दांत वगैरे. त्यात कविता कच्ची आहे असं म्हणायची सोयच नव्हती. सिनेमाचं रसग्रहण म्हटलं की नुसतं कौतुकच येतं का?

पंतोजी

शाळेने तो शब्द मारला, हे मान्य. पण पुण्यात फिल्म अर्काइव्हने, १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने, आणि फिल्म सोसायटीवाल्यांनी 'चित्रपट रसास्वाद शिबिर' हे नाव वापरलं त्यात आस्वाद म्हणजे स्तुती नव्हती. एखादा प्रसंग परत परत लावून दाखवायचे, इथे कट का आला, आवाज आधी आला की चित्र. चव घ्यायची म्हणजे मीठ जास्त झालंय हेही कळलंच पाहिजे.

मॅटिनी

फिल्म सोसायट्यांचा विषय काढलात म्हणून. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ मध्ये सुरू झालं, त्यांचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कळलं की शुक्रवारची घाई नसेल तर माणूस किती वेगळं लिहितो. आणि अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक, तीनच सिनेमांवर अख्खं पुस्तक, ते वाचून मी 'प्यासा' परत बघितला आणि मला आधी दिसलेलाच नव्हता असं वाटलं. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा माणसाकडे कसा सरकत जातो. त्यात निवाडा शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही आणि तरी लेखकाचं म्हणणं पानोपानी जाणवतं.

पण मी एकट्या गोड बाजूने बोलत नाही. फटके मारणारी परंपरा पण आपलीच आहे. बाबूराव पटेल, मराठी माणूस, १९३५ पासून 'फिल्मइंडिया' काढायचे, इंग्रजीत, लोक त्यांचे फटके वाचायलाच मासिक घ्यायचे. आज यूट्यूबवर जे 'धुलाई' म्हणून चालतं त्याचे ते आजोबाच म्हणा. फक्त ते नटनट्यांच्या दिसण्यावरही घसरायचे आणि ते मला तेव्हाच्या काळासाठीसुद्धा मान्य होत नाही. सिनेमा वाईट असेल तर वाईट म्हणावंच, कडक शब्दांत म्हणावं, पण सिनेमाला म्हणावं.

रानजाई

आणि वाईट म्हणायचं नाही अशी मागणी चाललीय त्याचं काय? केरळ हायकोर्टात रिव्ह्यू बॉम्बिंगची, म्हणजे सिनेमा पाडायला ठरवून वाईट रिव्ह्यूंचा भडिमार करण्याची, केस गेली होती, त्यात कोर्टाने नेमलेल्या वकिलांनी २०२४ मध्ये सुचवलं की रिलीजनंतर ४८ तास व्लॉगर्सनी रिव्ह्यू करू नयेत. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तामिळ निर्मात्यांची संघटना मद्रास हायकोर्टात गेली, पहिले तीन दिवस बंदी घाला म्हणून, कोर्टाने तसा हुकूम द्यायला नकार दिला, मत मांडायचा हक्क आहे म्हणून. मला बंदी अजिबात पटत नाही. पण पैसे घेऊन पाडायचं आणि पैसे घेऊन चढवायचं दोन्ही चालतं असं सगळेच बोलतात, आणि मग बघणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा. मल्लिनाथाचं ते 'नामूलं' मी लिहून ठेवलंय. आधार द्या. कुठला प्रसंग, कुठलं वाक्य, ते दाखवा. पैसे घेतलेल्याला निदान सिनेमा नीट बघावा तरी लागेल.

पंतोजी

दोन शब्द राहिले ते सांगून टाकतो. एक चिकित्सा. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर, मराठीत मात्र जो सहजासहजी मान डोलवत नाही, खोलात जाऊन विचारतो तो. हा अर्थ आपण जपलाय आणि तो मला फार मोलाचा वाटतो. दुसरा विवेक. इंग्रजीतला क्रिटिक ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ वेगळं करणे, निवडणे, ठरवणे. आपल्या विवेकातला विच् धातू पण वेगळं करण्याचाच. नीरक्षीरविवेक म्हणतो ना आपण. तेव्हा क्षीरसागरांनी टीकेला विवेक जोडला ते उगाच नव्हे. मात्र हंसाने दूध वेगळं करून दाखवायचं असतं, दुधाला पाचपैकी किती ते सांगायचं नसतं.

मांडवीकाठ

सर, मग निवड करायची तर? मी असं करीन: तिकीट काढण्याआधी वाचायचं ते रिव्ह्यू किंवा साधं 'मत', बघून आल्यावर वाचायची ती समीक्षा. परीक्षण स्पर्धेच्या परीक्षकांना देऊन टाकू. टीका शब्द परत मिळवता आला तर आनंदच, पण हेडिंगांपुढे आपलं काही चालेल असं वाटत नाही.

मॅटिनी

बघून आल्यावर वाचायची, हे फार आवडलं. शेवट सांगितला म्हणून ओरडा होतो त्याचंही उत्तर यात आहे. 'फँड्री' मध्ये जब्याने भिरकावलेला दगड शेवटी आपल्याच दिशेने येतो, त्याबद्दल न बोलता त्या सिनेमाबद्दल काय बोलणार? आणि राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं, हे 'दिग्दर्शकाने सामाजिक वास्तवावर भाष्य केलं आहे' असं लिहून संपवणं म्हणजे बघितलंच नाही.

ओसरी

सगळ्यांचे आभार, पंतोजी सर तुमचे विशेष. भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिने वर 'परीक्षण' च ठेवलंय कारण असाइनमेंटमध्ये तोच शब्द आहे आणि मार्क त्यावरच मिळणार, पण 'संथ' खोडलं आणि तीनशेतले जवळपास दोनशे शब्द त्या काळ्या पडद्यावर खर्च केलेत. स्टारांची जागा अजून रिकामी आहे, उद्या सबमिट करायचंय, मला विचारत होती किती देऊ. मी म्हटलं तुझं तू ठरव, मी तो सिनेमा तुझ्याइतका बघितलेला नाही.