प्रतिसाद: नागपुरातच एमबीबीएस करायचे असल्यास

मुलीला नागपुरातच शिकवायचे असल्याने केवळ राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत नाव नोंदवले तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नये. येथील एम्सच्या सर्व जागा अखिल भारतीय स्तरावर वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात व तेथे राज्याचा कोटा नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) या नागपुरातील दोन्ही शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागाही त्याच मार्गाने जातात, तर उर्वरित ८५ टक्के जागांचे प्रवेश राज्याचा सीईटी कक्ष करतो. नीटचे गुण दोन्हीकडे तेच, परंतु नोंदणी स्वतंत्र करावी लागते.

राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते, त्यामुळे बारावीसाठी परराज्यात गेलेल्यांनी ही अट आधी तपासावी. विदर्भातील विद्यार्थ्यांना पूर्वी मिळणारे प्रादेशिक आरक्षण २०२० मध्ये रद्द झाले आहे, हेही लक्षात घ्यावे.

पसंतीक्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एम्स २०१८ मध्ये सुरू झाले आणि त्याचे आकर्षण स्वाभाविक आहे; मात्र १९४७ पासूनच्या मेडिकलमध्ये संपूर्ण विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येत असल्याने विद्यार्थ्याला जे पाहायला व हाताळायला मिळते, ते मला अधिक मोलाचे वाटते. राज्याच्या शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी दिलेल्या हमीनुसार करावी लागणारी शासकीय सेवा, असते. तिची कल्पना मुलीला आताच द्यावी.