रात्री ब्रश केल्यावर चूळ भरायची की नाही?

गुळव्याची लेक
आमचे आण्णा करवीर तालुक्यात गुऱ्हाळावर गुळवे आहेत. हंगाम लागला की काहिलीपाशी उभं राहायचं आणि चिमूट चिमूट गूळ जिभेवर टाकून बघायचा, हे त्यांचं कामच. आता साठी उलटली. हिरड्या सरकल्यात आणि दातांच्या बुडाशी तपकिरी खड्डे पडायला लागलेत. ब्रश दोन्ही वेळेला नेमानं करतात. डॉक्टर म्हणाले, रात्री ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. आण्णांना ते पटत नाही. मोरीत बसून तांब्याभर पाण्यानं खळाखळा चुळा भरल्या, जीभ घासून घसा मोकळा केला, की मगच त्यांना तोंड धुतल्यासारखं वाटतं. पेस्ट तोंडात राहिली तर पोटात जाणार, मग अपाय नाही का? माझा चार वर्षांचा मुलगाही आजोबांचं बघून तसंच करतो.

राजारामपुरीची दातांची डॉक्टर
ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. ब्रशनं कीट निघते, पण पेस्टमधल्या फ्लोराईडचं काम त्यानंतर सुरू होतं. थुंकल्यावर ते लाळेत, जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूला आणि दातावर थोडं थोडं धरून राहतं आणि हळूहळू सुटतं. आम्लानं दातातला चुना झिजतो, तो परत बसायला त्याची मदत होते. तांब्याभर पाण्यानं चुळा भरल्या की यातलं बरंचसं मोरीत जातं. रात्रीवर भर एवढ्यासाठी की झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळं तोंडात राहिलेलं फ्लोराईड लवकर धुऊन जात नाही.

आण्णांचं दुखणं मला नेमकं दिसतंय. पीएच म्हणजे आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. दाताच्या वरच्या कवचाला साधारण ५.५ पीएचखाली झीज लागते. हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ त्याहून नाजूक, ते ६ च्या वरच झिजायला लागतं. त्यात दर थोड्या वेळानं जिभेवर गूळ, त्याचं तोंडातले जंतू आम्ल करतात, म्हणजे लाळेला सावरायला उसंतच नाही. चाखणं थांबणार नाही, ते त्यांचं पोट आहे. चाखल्यावर घोटभर साधं पाणी तोंडात फिरवून टाकायला सांगा. तिथं चूळ हवीच.

चुळा सोडा असं त्यांना म्हणू नका, फक्त क्रम बदला. जीभ घासणं, घसा मोकळा करणं, चुळा भरणं, सगळं आधी मनसोक्त करू दे. ब्रश शेवटी, दोन मिनिटं. मग फेस थुंकून सरळ अंथरुणावर. अगदीच चिकट वाटलं तर तोच फेस घोटभर पाण्यात तोंडभर फिरवून टाकायचा.

पोटात जायची भीती मोठ्या माणसाला नको. आपल्याकडं पेस्टमध्ये फ्लोराईड १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅमपेक्षा, जास्त घालता येत नाही. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये ते पाव मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि थुंकल्यावर त्यातलंही थोडंच उरतं. मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट तुम्ही स्वतः लावून द्या आणि थुंकायला शिकवा. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. या वयात हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असतात, म्हणून रोज भरपूर पेस्ट गिळली तर त्यांच्यावर पांढरे डाग उमटू शकतात.

कळंब्याचा
माझी चुलत बहीण यवतमाळला दिली आहे. तिकडं फ्लोराईडनं दात पिवळे पडतात म्हणे, मग पेस्टमधून आणखी कशाला घ्यायचं? आणि आमची आई मिश्री लावते, तिचं काय?

राजारामपुरीची दातांची डॉक्टर
यवतमाळ, चंद्रपूरकडं काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, ते लहानपणापासून रोज पोटात जातं. तिथं आधी पाणी बदलायला हवं. आपण नदी-धरणाचं पाणी पितो, त्यात ते कमीच असतं. पेस्ट तर थुंकायचीच आहे.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. त्यात फ्लोराईडचा फायदा शून्य आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका. आईंना तपासायला घेऊन या, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल तर आजच.

गुळव्याची लेक
क्रम बदलायचं आण्णांनी ऐकलं! आता एकच विचारायचंय. हंगामात ते पहाटे तीनला उठतात आणि आधी चहा लागतो. ब्रश कधी?

राजारामपुरीची दातांची डॉक्टर
चहाच्या आधी. मध्ये अर्धा तास गेला तर उत्तम, नाही जमला तर सकाळी त्या अर्ध्या तासाचा हट्ट सोडून द्या आणि रात्रीचं काटेकोर पाळा. खड्ड्यांसाठी मात्र दवाखान्यात फ्लोराईडचं वार्निश, म्हणजे दातावर लावायचा लेप, लावून घ्या, दर तीन ते सहा महिन्यांनी. हंगामाच्या आधी एकदा नक्की.