शनिवारचा वर्ग : पोर्शन की उद्दिष्टं?

प्रेषक : शनिवार वर्गाची ताई
विषय : बडोद्यातल्या आपल्या मंडळाचा जूनपासूनचा मराठी वर्ग, सहावी ते आठवी

सर्वांना नमस्कार,

यंदा मोठ्या मुलांच्या वर्गात काय घ्यायचं ते उन्हाळ्यातच ठरवू या. गेल्या वर्षी पोर्शन ठरवला होता चौदा धड्यांचा, झाले अकरा. परीक्षेत मुलांनी धड्याखालची उत्तरं पाठ करून लिहिली. त्याच कागदाच्या मागे मनाने पाच ओळी लिहा म्हटलं, तर एकाने लिहिलं, "रस्त्यावर मोठा खाडा होता, पप्पांची स्कूटर त्यात पडली." गुजरातीतला खाडो म्हणजे आपला खड्डा. मराठीत खाडा असतो तो दूधवाल्याच्या हिशेबात. मला हसू आलं, पण चौदा धड्यांत ही चूक पकडायला जागाच नव्हती.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सहावी ते आठवीसाठी सात क्षेत्रं आहेत : भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षण. प्रत्येकाखाली उद्दिष्टं आणि त्यांखाली क्षमता. म्हणजे अमुक धडा झाला असं न लिहिता मुलाला अमुक करता येतं असं लिहायचं. भाषा तीन आहेत, पण आपल्या वर्गातल्या एकाही मुलाच्या तीनात मराठी नाही. शाळेच्या दप्तरावर आणखी एक मराठीचं दप्तर चढवण्यापेक्षा, तिथे चाललेल्या विषयांतच आपण मराठीने शिरावं असं मला वाटतं. मतं कळवा.

प्रेषक : कोषाध्यक्ष

ताई,

कळवतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीला आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते पोरांना लिहिता-वाचता यावं म्हणून. माझा नातू सातवीत आहे. मराठी फाडफाड बोलतो, पण लिहायला बसला की शिरोरेघ गायब, अक्षरं गुजरातीसारखी उघडी बोडकी. आधी त्याला एक पान नीट लिहू दे. विज्ञान शिकवायची फी शाळा घेते, ते आपल्या गळ्यात कशाला? आणि पोर्शन असला की पालक विचारू शकतात, किती झालं. उद्दिष्ट किती झालं, हे कसं विचारायचं?

प्रेषक : न्यू जर्सीहून, मूळ बडोद्याच्या रावपुऱ्यातला

मेलच्या यादीवरून अजून कुणी काढलं नाही, म्हणून तोंड घालतो.

नातीच्या शाळेत आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, मधल्या वर्गांचा अभ्यासक्रम आहे. आठ विषयगट, प्रत्येकाला वर्षाला निदान ५० तास, आणि प्रत्येक विषयात चार निकषांवर प्रत्येकी आठपैकी गुण. पालकसभेत मी विचारलं, पुस्तक कुठलं? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला ते सगळंच पटतं असं नाही, पाढे कुणी पाठ करून घेत नाही तिथे. पण ५० तास ऐकून आपला हिशेब मांडला. वर्ग दीड तासाचा. गणपती, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण आणि परीक्षा वजा जाता तीस शनिवार हाती लागतात. झाले ४५ तास. एवढ्यात वेगळा विषय उभा राहत नाही. माझं मत ताईंना.

प्रेषक : शनिवार वर्गाची ताई

काका, शिरोरेघ मान्य. दर शनिवारी पहिली पंधरा मिनिटं लेखनालाच देते. पण ते पान कशावर लिहायचं?

मार्चमधल्या शेवटच्या वर्गात एक करून पाहिलं. एका मुलीने आज्जीच्या ट्रंकेतली लग्नपत्रिका आणली होती. इंग्रजी तारखेचा कोपरा कसरीने खाल्लेला. उरलं होतं "शके १८९०, वैशाख शुद्ध पंचमी". पहिला प्रश्न आला, "शक कुणाला होता?" तो निस्तरल्यावर इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायला सांगितले. १९६८ आलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा म्हणाला, पत्त्यात नुसतं "दांडिया बाजार, बडोदे" आहे, पिनकोड नाही. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे पत्रिका त्याआधीची. सगळे खूश. मग पत्रिकावालीच म्हणाली, "पण आज्जी तर अजूनही पिनकोड लिहीत नाही!" झालं, पुरावा पडला लंगडा. अर्धा तास वाद चालला आणि तो मराठीत चालला. जुन्या साधनांवरून गतकाळाचा अर्थ लावणं हे सामाजिक शास्त्राचंच उद्दिष्ट आहे. नंतर प्रत्येकाने आठ ओळी लिहिल्या. आहेर, उभयता, चि. सौ. कां. हे शब्द मी फळ्यावर लिहून दिले नव्हते, त्यांनीच पत्रिकेतून उचलले.

गणितात तर गुजराती माध्यमाची मुलंच इंग्रजीवाल्यांना शिकवतील. अपूर्णांक आणि त्रिकोण मराठी-गुजराती दोन्ही भाषांत तेच. हिंदीत भिन्न आणि त्रिभुज, तिथे जरा अडेल. शारीरिक शिक्षणाला मी हात लावत नाही, दांडिया बाजारातल्या आखाड्यांपुढे आपण काय शिकवणार!

पालकांनी काय विचारायचं, तेही सांगते. दिवाळीपर्यंत घरातल्या एका जुन्या कागदावर दहा ओळी मदतीशिवाय लिहिता येतात का? कृती वाचून आकाशकंदील करता येतो का? (व्यवसाय शिक्षणात यंत्रं आणि साहित्य हाताळण्याचं काम आहेच.) आणि आजी-आजोबांना दहा मिनिटं प्रश्न विचारून त्यांचं म्हणणं वर्गात सांगता येतं का? दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर बघू.

प्रेषक : कोषाध्यक्ष

पंधरा मिनिटांची वीस करा, मग माझी हरकत नाही. आकाशकंदिलाचे कागद आणि खळ मंडळाच्या खर्चातून, पण पावती हवी.

पुढच्या वेळी साधन म्हणून माझं १९७० चं शाळेचं प्रगतिपुस्तक आणतो. कसर लागलेली नाही. गणिताच्या गुणांवर मात्र कागद चिकटवून आणीन, तेवढं साधन नातवाच्या हाती लागायला नको.